जिप्सीचे पेट्रोल पाइप का बदलले: दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. जिप्सीत दुसरं इंजिन बसवायचं काम चांगलं झालं असं तुम्ही लिहिलंय. तक्रार आहे ती पेट्रोल पाइपांची: चांगले पाइप न विचारता बदलले, त्याचे ८,४०० रुपये जादा लावले आणि गाडी चार दिवस उशिरा दिली. जुने पाइप अजून पाच वर्षं चालले असते असं तुमच्या गावाकडच्या मेकॅनिकनं सांगितलं, हेही लिहिलंय.

आधी माझी चूक सांगतो. पाइपाला हात लावायच्या आधी तुम्हाला फोन करायला हवा होता. टाकी उतरवलेली होती, गाडी लिफ्टवर होती, आणि मी परस्पर ठरवून मोकळा झालो. तुम्हाला ते थेट बिलात दिसलं. ८,४०० मधले मजुरीचे २,६०० रुपये परत करतो. मालाचे पैसे मात्र परत करणार नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल हवेच्या ओढीनं इंजिनात जाणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या) जिप्सीत एमपीएफआय इंजिन, म्हणजे इंजेक्टरनं दाबाखाली पेट्रोल फवारणारं इंजिन, टाकायचा विचार करणारे बरेच जण आमच्याकडे येतात आणि प्रत्येकाचा हाच प्रश्न असतो.

तुमच्या मेकॅनिकनं जुन्या इंजिनाच्या हिशोबानं सांगितलं असेल, तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. गाडी १९९८ ची. जुन्या इंजिनावरचा पंप पेट्रोल जेमतेम पाव बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) दाबानं ढकलायचा. आता बसवलेल्या इंजिनाला अडीच ते तीन बार लागतात. म्हणजे त्याच पाइपात दसपट दाब. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाइप तडकला तर पेट्रोल ठिबकतं, वास येतो, आपण गाडी बाजूला घेतो. तीन बारला त्याच तड्यातून फवारा उडतो, आणि बॉनेटखाली तापलेला मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग) हातभर अंतरावर असतो.

रबरी पाइपाच्या अंगावर बारीक अक्षरं छापलेली असतात. पाइप कुठल्या दर्जाचा आहे ते त्यावरून कळतं. तुमच्या पाइपावर पुसट झालेलं एसएई जे ३० आर ७ होतं. हा पाइप नवा कोरा असताना साधारण साडेतीन बारपर्यंतचा. तीन बारच्या कामाला तो लावणं म्हणजे काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेऊन घाट उतरणं. इंजेक्शनच्या गाडीला आर ९ लागतो, तो सुमारे सात बारचा असतो आणि त्याचं आतलं अस्तर वेगळं असतं. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की सुकून तडकतं. तुमची गाडी पावसाळ्याचे दोन महिने शेडमध्ये असते, हे तुम्हीच सांगितलं होतं.

तुमचा टाकीजवळचा पाइप काढून मी अंगठ्यावर वाकवला. बाहेरून काळाभोर, गुळगुळीत. वाकवल्यावर क्लिपच्या कडेला उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा उघडल्या. ब्लेडनं उभा चिरला, तर आतलं रबर नखानं खरवडून निघत होतं. ती काळी पूड पुढे इंजेक्टरमध्येच जाणार.

स्टीलच्या पाइपाचं दुखणं वेगळं. तो उघड्यावर कमी गंजतो, चासीला धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली जास्त गंजतो. तुमची गाडी गगनबावडा, आंबोली करते. मागच्या एक्सलच्या वरच्या पट्टीत तांबडी माती घट्ट बसली होती. पट्टी सोडून स्क्रू-ड्रायव्हरनं नुसतं खरवडलं तर पापुद्रे निघाले आणि खाली खड्डे दिसले. पट्टी न सोडता कुणीही हा पाइप चांगलाच म्हटला असता.

सगळे पाइप बदलले नाहीत, हे बिलात नीट लिहायचं राहून गेलं. रिटर्नची, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी स्टीलची लाइन जुनीच ठेवली आहे. तिच्यात दाब फारसा नसतो, आणि तिच्या पट्ट्या सोडून पाहिल्या तर धातू स्वच्छ होता. टाकीच्या वाफेची नळीही तीच आहे. बदलला तो टाकीपासून इंजिनपर्यंतचा दाबाचा पाइप, त्याचे रबरी तुकडे, फिल्टर आणि क्लिपा. क्लिपा मुद्दाम गोल कडेच्या लावल्या. नेहमीची दातेरी क्लिप आवळली की पट्टीच्या खाचा रबरात रुततात, आणि काही महिन्यांनी पाइप बरोबर तिथेच कापला जातो.

उशीर झाला तो आर ९ पाइपामुळे. कोल्हापुरात हव्या त्या मापाचा मिळाला नाही, पुण्याहून मागवला. नाव-छाप नसलेला पाइप दुसऱ्याच दिवशी मिळत होता, पण तो तुमच्या गाडीला लावायचं माझ्या मनाला पटलं नाही. हेसुद्धा तेव्हाच फोनवर सांगायला हवं होतं.

कालच्या रिव्ह्यूनंतर एक गोष्ट बदलली आहे. इथून पुढे असा कुठलाही भाग बदलायचा झाला तर आधी मालकाला फोटो जाईल, आणि त्यांचा होकार आल्याशिवाय पाना लागणार नाही.

तुमचे काढलेले पाइप गाडीचा नंबर लिहून पिशवीत ठेवले आहेत. मेकॅनिकना सोबत घेऊन या, चिरलेला तुकडा दोघं हातात घेऊन बघा. गाडी ५०० किलोमीटर झाली असेल तर तीही आणा. क्लिपा एकदा तपासून आवळायच्या आहेत, त्याचे पैसे नाहीत. मजुरीचे पैसे तेव्हा रोख देतो, किंवा नंबर पाठवलात तर आजच टाकतो.