क्लीनअप हँडलर होता हो, तरीपण मेला

नमस्कार. पीथ्रेड कॅन्सल (थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत समांतर चालणारं काम, त्याला बाहेरून थांबवायचा हा कॉल) धोक्याचं आहे, आमचा प्रोग्राम त्यापायी क्रॅश झाला, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट झणझणीत होती पण मुद्द्याची होती, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की पीथ्रेड कॅन्सल बिचारं निर्दोष आहे, डिफर्ड मोड (कॅन्सल लगेच न लागता ठरावीक कॉलवरच, म्हणजे कॅन्सलेशन पॉइंटवरच, लागतं) ठेवला आणि क्लीनअप हँडलर (थ्रेड मरताना आवराआवर करणारं फंक्शन) लावला की विषय संपला, तुम्ही हजार वेळा चालवून बघितलंत, काही झालं नाही, मी उगाच बागुलबुवा उभा केलाय.

आधी माझी चूक. म्युटेक्स लॉक (म्युटेक्स म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) हा कॅन्सलेशन पॉइंट आहे असं मी लिहिलं होतं, तो नाहीये. कंडिशन वेट (अट पुरी होईपर्यंत म्युटेक्स सोडून थांबणं) आहे, आणि तिथे कॅन्सल झालं तर हँडलर चालायच्या आधी म्युटेक्स परत आपल्याकडे येतो, म्हणून हँडलरमध्ये अनलॉक करावं लागतं. माझी खिचडी झाली, पोस्ट दुरुस्त केलीय.

पण आमचा क्रॅश त्यामुळे नव्हताच. डेमन (मागे सतत चालणारा आमचा प्रोग्राम) सी प्लस प्लसमधला, लिनक्सवर. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची सी लायब्ररी) कॅन्सल म्हणजे एक्सेप्शनसारखंच स्टॅक एकेक फ्रेम उलगडत जाणं, म्हणजे चालू फंक्शनमधून आतून बाहेर एकेक करून निघणं, आणि सी प्लस प्लस ११ पासून डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारं फंक्शन) आपोआप नोएक्सेप्ट (त्यातून एक्सेप्शन बाहेर पडू द्यायचं नाही) झालेत. आमच्या कनेक्शनच्या डिस्ट्रक्टरमध्ये 'कनेक्शन बंद' अशी एक निरुपद्रवी लॉगची ओळ होती, ती शेवटी राइट कॉल करते, आणि राइट हा कॅन्सलेशन पॉइंट. थ्रेड नेहमीचं काम उरकून कनेक्शन बंद करत होता, नेमकं तेव्हाच कॅन्सल आलं, उलगडणं नोएक्सेप्टला येऊन धडकलं आणि थेट टर्मिनेट, म्हणजे अख्खी प्रोसेस बंद. हँडलर होता, पण बाहेरच्या फ्रेममध्ये, त्याची पाळीच आली नाही.

आता तुमचे हजार वेळा. तुमचा थ्रेड बहुतेक वेळ रीडमध्ये अडकून बसलेला असणार, कॅन्सल तिथेच लागतं, मग उलगडताना तोच डिस्ट्रक्टर चालतो, तोच लॉग लिहितो, आणि काहीही होत नाही! कारण कॅन्सल एकदा सुरू झालं की पुढचे पॉइंट त्याच्याकडे बघत नाहीत. म्हणजे टेस्टमध्ये तो डिस्ट्रक्टर शंभर टक्के पास. आमच्याकडेही पासच होत होता, क्रॅश फक्त लोड असताना, कारण तेव्हाच कनेक्शन सटासट उघडबंद होतात.

मेसेज काय तर 'टर्मिनेट कॉल्ड विदाउट ॲन ॲक्टिव्ह एक्सेप्शन'. जॉइन (थ्रेड संपेपर्यंत थांबणं) न केलेला थ्रेड ऑब्जेक्ट नष्ट झाला तरी हाच येतो, त्यामुळे मी दोन दिवस जॉइन शोधत बसलो (हसा). शेवटी जीडीबी या डीबगरमध्ये कोअर (क्रॅशच्या वेळची मेमरीची प्रत) उघडून बॅकट्रेस (कोणी कोणाला कॉल केलं त्याची यादी) खालपर्यंत वाचला तर टर्मिनेटच्या खाली फोर्स्ड अनवाइंड (तेच कॅन्सलचं उलगडणं), त्याच्या खाली राइट, आणि राइटच्या खाली आमचा लॉगर.

कॅन्सलस्टेट डिसेबल करा (तेवढ्यापुरतं कॅन्सल बंद ठेवा) म्हणालात, बरोबर, पण प्रत्येक डिस्ट्रक्टरमध्ये? आणि दुसऱ्याच्या लायब्ररीत कोणी सगळे एक्सेप्शन पकडून गिळून टाकले की तिथेही प्रोसेस अबॉर्ट होते, ती जागा कोण शोधणार. शिवाय सिस्टम कॉल यशस्वी होऊनही कॅन्सल लागायचं आणि फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा किंवा कनेक्शनचा क्रमांक) बंद न होता गळायचा, हा जीलिबसीचा स्वतःचा बग २०११ मध्ये नोंदवलेला, सुटला आवृत्ती २.४१ मध्ये, म्हणजे २०२५ साली. अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत, बायोनिकमध्ये, तर पीथ्रेड कॅन्सल ठेवलेलंच नाही.

आम्ही कॅन्सल काढून टाकलं, पोलमध्ये (अनेक डिस्क्रिप्टरवर एकदम वाट बघणारा कॉल) एक इव्हेंटएफडी (फक्त इशारा द्यायचा डिस्क्रिप्टर) घातला, थांबायचं असेल तेव्हा त्यात लिहितो, थ्रेड आपणहून बाहेर येतो, मग जॉइन. तुम्ही एक करून बघा, टेस्टमध्ये थ्रेडला रीडवर झोपू न देता फक्त कनेक्शन उघडबंद करायला लावा, डिस्ट्रक्टरमध्ये एक राइट टाका आणि मग कॅन्सल पाठवा. कितव्या फेरीला पडतं ते इथेच कळवा.