दारू दादा पितो आणि बोल वहिनीला?

दादाचं पिणं वाढलं की आमच्याकडे सगळे वहिनीकडे बघतात. आत्या म्हणते घरात सुख नसेल म्हणून पितो, शेजारच्या काकू म्हणतात तू जरा गोडीत घे गं, आणि मामाचं कायम एकच, मनावर घेतलं तर एका दिवसात सुटते. अहो तो लग्नाच्या आधीपासून पितोय! तेव्हा हेच सगळे म्हणत होते लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. म्हणजे परक्याची पोरगी औषध म्हणून घरात आणली, तिला काही सांगितलंही नाही, आणि आता गुण आला नाही म्हणून तिलाच बोल लावायचा. डोकं फिरतं माझं.

मागे देवापुढे शपथ घालून एकदम बंद करायला लावली. दुसऱ्या दिवशी हात एवढे थरथरायला लागले की चहाचा कप तोंडापर्यंत जाईना, सगळा शर्टावर, नुसता घाम, झोप नाही, आणि त्यानंतरच्या रात्री अंथरुणात मुंग्या दिसायला लागल्या तर पहाटेपर्यंत चादर झटकत बसला. मामा म्हणे नाटकं करतोय, आत्या म्हणे बाहेरचं काहीतरी आहे. अरे रोज भरपूर पिणाऱ्याची अचानक तोडली की असंच होतं, फिट येऊ शकते, जीवसुद्धा जाऊ शकतो, म्हणून तर डॉक्टर गोळ्या देऊन, लक्ष ठेवून सोडवतात!

वर काका गुपचूप भाजीत घालायची पुडी घेऊन आले. त्यात डायसल्फिरॅम, म्हणजे दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध, असलं आणि वरून दारू गेली पोटात तर उलट्या, धडधड, बीपी खाली, माणूस जायचा. डॉक्टर ती गोळी पेशंटला सांगूनच देतात.

आजोबापण प्यायचे हे मात्र कोणी काढत नाही. या आजाराच्या धोक्यात जवळपास निम्मा वाटा अनुवंशाचा असतो, म्हणजे शोधायचंच असेल तर आमच्या घराण्यात शोधा ना, वहिनीच्या स्वयंपाकघरात काय शोधताय? आणि मामा, तुमची तंबाखू का नाही सुटली मनावर घेऊन?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातपण दारूमुळे होणारे मानसिक त्रास मानसिक आजारातच धरलेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे पेशंटबरोबर घरच्यांशीपण बोलतात. तिकडे जाऊया म्हटलं तर लगेच लोक काय म्हणतील! लोक म्हणतातच आहेत की, रोज, त्या बाईच्या तोंडावर.

रविवारी परत सगळे येणार आहेत समजवायला. दादाला दवाखान्यात न्यायचं बोलायचं असेल तर या, वहिनीला एक शब्द बोललात तर मी ऐकून घेणार नाही.