आडवी पट्टी मारून पळणाऱ्या फिटिंगवाल्यांनो

कोल्हापुरात कुठल्याही पेठेतल्या गच्चीवर चढा आणि आजूबाजूला नजर टाका. एका छत्रीवर तीन-तीन एलएनबी (सिग्नल पकडणारे डबे), आडव्या पत्र्याच्या पट्टीवर तारेवर कावळे बसावेत तसे एका रांगेत. त्यातला मधला चालतोय. कडेचे दोन निव्वळ शोभेला. पैसे मात्र तिन्हींचे घेतलेत, वर डायसेक स्विचचे (एका बॉक्सवरून एलएनबी बदलणारी डबी) वेगळे, आणि जाताना "ढगाळ आहे ना, उद्या येतंय सिग्नल" हे ठरलेलं वाक्य. उद्या काय येणार, डोंबल? उपग्रह काय सकाळच्या एसटीने येतो होय?

अरे भावांनो, ती पट्टी आडवी बसतच नाही आपल्याकडे. हे एवढं एक कळलं तरी निम्म्या कोल्हापूरच्या छत्र्या सुधारतील.

उपग्रह विषुववृत्तावर एका ओळीत आहेत, पण आपल्या गच्चीवरून ती ओळ कमानीसारखी दिसते. कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला आणि ७४.२ अंश पूर्वेला. म्हणजे कमानीचा माथा बरोब्बर दक्षिणेला, क्षितिजापासून ७० अंश उंच. त्या माथ्यावर ७४-७५ अंश पूर्व रेखांशावरचे उपग्रह. पट्टी आडवी चालते ती फक्त तिथे. आणि घरच्या टीव्हीच्या कामाचे उपग्रह कुठे आहेत? फ्री डिश ९३.५ वर, टाटा प्ले ८३ वर, डी२एच ८८ वर, डिश टीव्ही ९५ वर, एअरटेल १०८.२ वर. सगळे कमानीच्या पूर्वेकडच्या उतारावर. ८३ आपल्याला ६८ अंश उंचीवर दिसतो, ८८ जवळपास ६५ वर, ९३.५ साधारण ६०.५ वर आणि १०८.२ थेट ४६-४७ वर उतरलेला. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर ८३ येतो १५२ अंशांवर, ८८ येतो १४० वर, ९३.५ येतो १२९ वर. आकडे नको असतील तर कोल्हापुरी हिशोब सांगतो. ८३ साठी छत्रीची पाठ जोतिबाच्या डोंगराकडे, ९३.५ साठी जवळपास पन्हाळ्याकडे. दोन्हींना एकच छत्री असेल तर पाठ त्या दोन डोंगरांच्या मधे. यात काय अवघड आहे?

आता ८३ पासून ९३.५ पर्यंत एक रेघ ओढा. ती साधारण ३८ अंश तिरकी येते. तेवढीच तिरकी पट्टी पाहिजे. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघितलं तर पट्टीचं उजवं टोक वर, डावं खाली. ९३.५ चा एलएनबी उजवीकडे वर, ८३ चा डावीकडे खाली. होय, उलटंच. छत्री म्हणजे आरसा: पूर्वेच्या उपग्रहाचा झोत पश्चिमेच्या बाजूला गोळा होतो आणि खालच्या उपग्रहाचा वर. हे उलटं गणित माहीत नसलेले लोक एलएनबी चुकीच्या बाजूला धरून अर्धा तास ऊन खातात आणि मग बॉक्सलाच खराब म्हणतात.

माप पण घ्या. ९० सेंमीच्या साध्या ऑफसेट छत्रीवर (एलएनबी खालच्या दांड्यावर असतो ती) आकाशातल्या एका अंशाला एलएनबी साधारण १ सेंमी सरकतो, ६० सेंमीच्या छत्रीवर ७ मिमीच्या आसपास. ८८ आणि ९३.५ मध्ये कागदावर साडेपाच अंश असले तरी आपल्या गच्चीवरून ते सव्वासहा भरतात, कारण आपण पृथ्वीच्या पोटात नाही, पाठीवर राहतो. म्हणजे ९० च्या छत्रीवर ९३.५ चा एलएनबी ८८ च्यापेक्षा साधारण ५ सेंमी बाजूला आणि ४ सेंमी वर पाहिजे. आडव्या पट्टीवर ते ४ सेंमी गायब, म्हणजे नेम ४ अंश चुकला. ९० च्या छत्रीचा झोत, म्हणजे तिला एका वेळी दिसणारं आकाश, दोन अंशांचा. ४ अंश चुकल्यावर काय दिसणार, रंकाळ्यातला चंद्र?

दुकानात "एका छत्रीवर पाच एलएनबी" म्हणून विकतात तो तर शुद्ध फसवणुकीचा माल. ९३.५ आणि ९५ मध्ये जागा किती? ९० च्या छत्रीवर पावणेदोन सेंमी. एलएनबीचं तोंडच सहा सेंमी रुंद! एकाच्या पोटात दुसरा घालणार आहात का? ६० च्या छत्रीवर तर ८३, ८८ आणि ९३.५ हे तीन साधे एलएनबीसुद्धा शेजारी मावत नाहीत. तिथे ८३ आणि ९३.५ एवढेच बसतात, तेही छत्री मधोमध ८८ वर रोखून. आणि १०८.२ त्याच छत्रीवर मागणाऱ्याने सरळ दुसरी छत्री घ्यावी. ८३ पासून तो जवळपास २९ अंश लांब दिसतो, कडेला जाऊन जाऊन किती जाणार?

पण सगळ्यात मोठी लबाडी वेगळीच. गिऱ्हाइकाला कुणी सांगतच नाही की फ्री डिश सोडली तर वरचं सगळं कोडबंद आहे. त्या-त्या कंपनीचा बॉक्स आणि रिचार्ज नसेल तर ८३ चा एलएनबी लावा नाहीतर घागर लावा, फरक शून्य. दोन-तीन उपग्रहांच्या छत्रीला अर्थ कधी? घरात एक फ्री डिशचा बॉक्स आणि एक रिचार्जवाला बॉक्स असेल तेव्हा. आणि तेव्हा डायसेक लागतच नाही! प्रत्येक एलएनबीची आपली केबल, आपल्या बॉक्सला. डायसेक कशाला, तर एकाच बॉक्सवरून वेगवेगळे एलएनबी बदलायला. तरी तो बिलात असतोच, कारण नाही म्हणणार कोण.

याच्या बरोबर उलट, जिथे खरंच वेगळा एलएनबी लागतो तिथे दोन रुपयांचा स्प्लिटर मारून मोकळे. हॉलमध्ये एक बॉक्स, वरच्या खोलीत एक, एलएनबी एकतोंडी (केबल लावायला एकच जागा), मधे स्प्लिटर. वर "दोन्हीकडे चालतंय". नाही चालत! बॉक्स केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देतो; १३ ला उभी ध्रुवता (लहरींची थरथरायची दिशा), १८ ला आडवी. शिवाय वरचा बँड (वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल) पाहिजे असेल तर २२ किलोहर्ट्झचा टोन. हॉलमधला बॉक्स १८ देतोय आणि वरचा १३, तर एलएनबी ऐकणार कुणाचं? १८ वाल्याचं. मग वरच्या खोलीत निम्मे चॅनल गायब. हॉलमधला बॉक्स बंद केला की वरचे परत येतात. घरोघरी चाललेला हा भुताटकीचा खेळ म्हणजे फक्त स्प्लिटरची चूक. दोन तोंडांचा एलएनबी घ्या, दोन केबली ओढा, विषय संपला.

एकच बॉक्स असून १८ व्होल्टवालेच चॅनल जात असतील तर केबलकडे बघा. आरजी-६ म्हणून जी स्वस्त गुंडाळी मिळते तिचा मधला तार तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड असतं. तीस-चाळीस मीटर ओढली, मधे दोन ठिकाणी तारा पिळून चिकटपट्टीचे जोड दिले, पुढे डायसेक, की एलएनबीपर्यंत १८ चे व्होल्ट इतके उतरतात की त्याला १३ च वाटतं. कुठेही जोड नको. छत्रीपासून बॉक्सपर्यंत अखंड केबल, आणि टोकाला पिळून बसवायचे नाहीत, दाबून बसवायचे एफ-कनेक्टर. केबल एलएनबीतून निघाली की आधी खाली लोंबती ठेवायची, मग पाइपाला बांधायची, म्हणजे पाणी त्या वळणावरून गळून जातं. कनेक्टरवर रबरी सीलिंग टेप ताणून गुंडाळायची. नाहीतर आषाढात केबलच ओढ्यासारखी वाहते. एखादा जुना कनेक्टर उघडून बघा: मधला तार हिरवा, जाळी काळी, आणि आतून टपकन थेंब पडतो.

मीटर. तो वीस मिनिटं ट्यँ-ट्यँ करणारा काट्याचा फाइंडर आधी पंचगंगेत टाका. तो कुठल्याही उपग्रहाला वाजतो. ९३.५ शोधताना ९५ वर वाजला तरी त्याला फरक कळत नाही, ६० च्या छत्रीला तर दोन्ही जवळपास एकाच झोतात. आणि टीव्हीवर ती 'स्ट्रेंग्थ'ची पट्टी दाखवून "बघा ७० टक्के" म्हणतात, तिची लायकी ऐका: एलएनबीचं तोंड भिंतीकडे केलं तरी ती पट्टी पडत नाही, कारण ती एलएनबीचाच आवाज मोजते. बघायची ती 'क्वालिटी'. ती शून्य असेल तर ७० टक्के स्ट्रेंग्थचं लोणचं घाला.

बसवायची सरळ रीत पण सांगतो, कारण ती कुणी करत नाही. पाइप दीड-दोन इंची जीआय, भिंतीच्या कठड्याला आतल्या बाजूने, अँकर फास्टनरने. स्लॅबला भोक पाडून वॉटरप्रूफिंगची वाट लावू नका. पाइप ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा. इथेच नव्वद टक्के लोक घाई करतात; पाइप दोन अंश कललेला असला की कंसावरच्या उंचीच्या आकड्यांना अर्थच उरत नाही. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघायची असेल तर लोखंडी टाकी, पत्रा आणि पाइपापासून चार पावलं लांब जाऊन बघा. ऑफसेट छत्री दिसते त्यापेक्षा २२ ते २६ अंश वर बघत असते, म्हणून ८८ वर रोखलेली छत्री उभ्यापासून साधारण ४० अंशच मागे कललेली दिसेल. ती "आकाशाकडे नाही" म्हणून हाताने अजून मागे दाबणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत. मग उंची ठेवून छत्री सावकाश फिरवा, क्वालिटी मिळाली की थांबा, आता उंची हलवा, मग परत दिशा. एलएनबी नुसता सरळ खोचू नका, तो त्याच्या अक्षाभोवती फिरवायचा असतो: ९३.५ ला हिशोबाने ४८ अंशांच्या आसपास, ८३ ला २७ च्या. तिथून सुरुवात करून क्वालिटी सर्वात जास्त येईल तिथे आवळा. बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा, एकच बोल्ट कचकन पिळला की छत्री अर्धा अंश सरकते. आवळल्यावर परत क्वालिटी बघा आणि पाइपावर मार्करने रेघ मारून ठेवा.

समोर नारळ आहे, शेजाऱ्याची टाकी आहे ही कारणं पण बस करा. ९३.५ साठी दहा फुटांवरचं झाड छत्रीपेक्षा साडेसतरा फूट उंच असेल तरच आडवं येतं.

पावसाचं एक मान्य. केयू बँड, म्हणजे या घरगुती छत्र्यांची फ्रिक्वेन्सी, मोठ्या सरीत जाणारच. पण जुलैत गगनबावड्याकडून नुसता रिमझिम आला तरी ज्यांचा टीव्ही चौकोन-चौकोन होतो, त्यांची छत्री उन्हातच काठावर बसवलेली असते. ६० ऐवजी ९० सेंमी घेतली तर सव्वादोनपट क्षेत्रफळ मिळतं, म्हणजे साडेतीन डेसिबल हातात शिल्लक. वारं पण जास्त धरते, म्हणून पाइप दोन इंचीच.

आणि ज्यांना पावसाची कटकट नको म्हणून सहा-आठ फुटी सी-बँड (केयूपेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीची) छत्री विकली जाते, त्यांना २०२२ च्या लिलावानंतरची गोष्ट सांगा की! ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ आता ५जी ला गेलं. जुना एलएनबी ३४०० पासून ऐकतो, जवळ टॉवर असेल तर बधिर होतो. ३७०० ते ४२०० चाच, फिल्टरवाला मागा. शिवाय आपल्याकडे सी-बँड छत्री जवळपास आकाशाकडे तोंड करून पडते. भरीव असेल तर तळाला भोक ठेवा, नाहीतर पावसाळ्यात तिचा हौद होतो.

शेवटी एक. मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य बरोबर ९३.५ च्या मागे येतो आणि चित्र काही मिनिटं जातं. आपोआप येतं. त्यासाठी फिटिंगवाल्याला फोन करू नका. तो येईल, बोल्ट सैल करेल, नीट बसलेली छत्री हलवेल, तोवर सूर्य पुढे सरकलेला असेल, आणि "बघा, आलं की नाही" म्हणून पैसे घेऊन जाईल.