शून्याचे चाळीस टक्के

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. कुणाला कोकणात हॉटेलचं बिल जास्त लागलं की हमखास येतो. मजकूर असा : "कोविडनंतर सरकारनं प्रत्येक टूरवाल्याला दहा लाख दिले, प्रत्येक गाईडला एक लाख दिला. हॉटेलवाल्यांना पन्नास हजार कोटी दिले. पाच लाख परदेशी पर्यटकांना व्हिसा फुकट दिला. सरकारी नोकरांना फिरायला पैसे दिले. एवढं दुसऱ्या कुठल्या देशानं केलं? तरी ही मंडळी रडतात आणि वर आपल्यालाच लुटतात." खाली हात जोडलेले दोन इमोजी.

त्या काळात मी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका बँकेच्या कर्ज विभागात होतो. २०२३ मध्ये निवृत्त झालो. यातल्या दोन योजनांची परिपत्रकं माझ्या टेबलावरच पडलेली असायची, म्हणून दर वेळी गप्प बसवत नाही. मजकुरातले आकडे बहुतेक बरोबर आहेत. खोटं आहे ते क्रियापद : "दिले".

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. "प्रत्येक टूरवाल्याला दहा लाख, प्रत्येक गाईडला एक लाख." २८ जून २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ज्या योजना जाहीर केल्या, त्यातले हे आकडे. योजना कर्जाची होती. टूर कंपनीला दहा लाखांपर्यंत, परवानाधारक गाईडला एक लाखापर्यंत. वेगळं तारण नको, प्रोसेसिंग फी नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि कर्जाला सरकारची शंभर टक्के हमी.

'हमी' शब्द ऐकला की लोकांना वाटतं, आपलं कोणीतरी भरणार. हमी असते बँकेला. कर्जदारानं हप्ते थकवले, खातं बुडीत गेलं, तर हमी देणारी सरकारी विश्वस्त कंपनी बँकेचं नुकसान भरून देते. कर्जदाराची त्यातून सुटका होत नाही. वसुली चालू राहते, सिबिल खराब होतं, पुढचं गाडीचं कर्जसुद्धा मिळत नाही. तारण नसलेल्या माणसाला बँकेनं दारात उभं करावं म्हणून हमी असते, आणि त्यापुरती ती चांगलीच. पण तिला 'एक लाख दिला' म्हणायचं असेल, तर माझ्या भावानं माझ्या गृहकर्जाला जामीन राहून मला घर बांधून दिलं, असंही म्हणावं लागेल.

आता 'प्रत्येक'. योजना जाहीर झाली तेव्हा केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता असलेल्या टूर कंपन्या देशभरात मिळून सुमारे ९०० होत्या. मान्यताप्राप्त प्रादेशिक गाईड १०,७००, शिवाय राज्यांनी मान्यता दिलेले गाईड. आता पुण्यात स्वारगेटहून डेक्कनपर्यंत चालत जा आणि 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स'च्या पाट्या मोजा. त्यातल्या किती जणांकडे केंद्राची मान्यता असेल, हे मी तुमच्यावर सोडतो. त्या ९०० जणांनी पूर्ण रक्कम उचलली तरी बेरीज ९० कोटी होते, तीही परत करायची. अख्ख्या देशासाठी.

हे सगळं एका माणसाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली होती. २०२१ च्या दिवाळीच्या आसपास अजिंठ्याचे एक गाईड शाखेत आले. जपानी बोलणारे, पंचवीस वर्षांचा अनुभव, परवाना प्लास्टिकच्या पाकिटात, वर क्लिप. लेणी मार्च २०२० मध्ये बंद झाली, डिसेंबरात उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद, जूनमध्ये पुन्हा उघडली. उघडली तरी त्यांच्या उपयोगाची नव्हती, कारण त्यांचा पर्यटक जपानहून यायचा आणि पर्यटक व्हिसाच बंद होता. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला : व्याज आठ टक्के धरलं आणि मुदत पाच वर्षं, तर लाखाला महिन्याचा हप्ता दोन हजारांच्या थोडा वर. त्यांनी कागद उलटा करून स्वतःकडे ओढला, वाचला, आणि विचारलं, "साहेब, हे फेडायचं कशातून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म त्यांनी नेला, तो परत आणला नाही.

ज्याचा धंदा मंदावला आहे त्याला कर्ज उपयोगी पडतं. ज्याचा धंदा सरकारी आदेशानंच बंद आहे, त्याला कर्ज म्हणजे रिकाम्या टाकीला मोठा नळ.

दुसरं वाक्य, "हॉटेलवाल्यांना पन्नास हजार कोटी दिले." २०२२ च्या अर्थसंकल्पात आपत्कालीन कर्ज हमी योजनेची मर्यादा साडेचार लाख कोटींवरून पाच लाख कोटींवर नेली, आणि वाढीव पन्नास हजार कोटी फक्त हॉटेल आणि संबंधित व्यवसायांसाठी राखले. ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळानं त्यावर मोहोर उठवली. ही सुद्धा हमीचीच मर्यादा. तिजोरीतून तेवढे पैसे निघाले, असा तिचा अर्थ नाही. पण खरी गोम पुढे आहे. या योजनेचा पर्यटनासाठीचा भाग ३१ मार्च २०२१ ला आला, तेव्हा नियम असा होता : २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढं कर्ज शिल्लक होतं, त्याच्या चाळीस टक्क्यांपर्यंत नवं कर्ज मिळेल. सहा वर्षांत फेडायचं, पहिली दोन वर्षं मुद्दल मागणार नाही.

म्हणजे आधीचं कर्ज असेल तरच नवं कर्ज. माझे साडू तारकर्लीला राहतात. चार खोल्यांचा होमस्टे. तो त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून आणि घरातल्या बांगड्या मोडून उभा केला, कारण 'डोक्यावर कर्ज नको' हा त्यांच्या वडिलांचा शिरस्ता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात दोन खोल्यांचे पत्रे उडाले, आंब्याची फांदी मोरीवर पडली. त्यांनी मला फोन केला, "तुमच्या बँकेत काय मिळतं का बघा." मी बघितलं. त्यांच्या नावावर शिल्लक कर्ज शून्य, आणि शून्याचे चाळीस टक्के शून्य. ज्यानं आयुष्यभर कर्ज काढलं नाही, त्याच्यासाठी या योजनेत जागाच नव्हती. उलट मोठ्या हॉटेल साखळ्यांना जागा मोठी होती : मे २०२१ मध्ये पाचशे कोटींपेक्षा जास्त कर्ज असलेल्यांनाही आत घेतलं, नव्या कर्जाला दोनशे कोटींची मर्यादा घालून.

योजना वाईट होती असं मी म्हणत नाही. आमच्याच शाखेत दोन हॉटेलं तिच्यावर तरली, कामगारांचे पगार निघाले. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये सहा महिने हप्ते थांबवायची मुभा दिली, तीही अनेकांना श्वास घेऊ देणारी होती. हप्ता थांबला तरी व्याजाचं मीटर चालू होतं, एवढं फक्त ग्रुपवरच्या मजकुरात लिहायचं राहतं.

"पाच लाख परदेशी पर्यटकांना व्हिसा फुकट." हे जून २०२१ मध्ये जाहीर झालं, आणि त्या दिवशी भारताचा पर्यटक व्हिसा कुणालाच मिळत नव्हता. चार्टर विमानानं येणाऱ्यांसाठी दार १५ ऑक्टोबरला उघडलं, इतरांसाठी १५ नोव्हेंबरला. फुकट व्हिसाची मुदत ३१ मार्च २०२२ किंवा पाच लाख व्हिसा संपेपर्यंत, जे आधी होईल ते. नोव्हेंबर संपता संपता ओमिक्रॉन आला. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली २७ मार्च २०२२ ला, मुदत संपायला चार दिवस असताना! जत्रा उठल्यावर पाळणा फुकट. त्यात आणखी एक : ब्रिटिश नागरिकांचा ई-व्हिसा २०२२ च्या डिसेंबरपर्यंत बंदच होता. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही शॅकवाल्याला विचारा, ब्रिटिश पर्यटक नसलेला हंगाम म्हणजे काय. २०१९ मध्ये भारतात १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२१ मध्ये पंधरा लाखांच्या आसपास.

"सरकारी नोकरांना फिरायला पैसे दिले" हे वाचलं की मला हसू आवरत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये एलटीसी (सरकारी नोकरांची प्रवास सवलत) कॅश व्हाउचर योजना आली. प्रवास सवलतीचे पैसे प्रवास न करता मिळणार, पण भाड्याच्या तिप्पट रकमेची खरेदी करायची, ज्या वस्तूंवर बारा टक्के किंवा जास्त जीएसटी आहे अशांची, डिजिटल पेमेंटनं, ३१ मार्च २०२१ च्या आत. आमचे टपाल खात्यातले शेजारी त्या ब्लॉकमध्ये, म्हणजे सवलत वापरायच्या ठरलेल्या मुदतीत, केरळला जाणार होते. ते गेले नाहीत, त्यांच्याकडे वॉशिंग मशीन आलं. त्या दिवसांत प्रवास टाळणंच शहाणपणाचं होतं आणि बाजार हलवायला योजना ठीक होती. पण जो पैसा एरवी आगगाडी, हॉटेल, टॅक्सी, हाउसबोट यांच्याकडे गेला असता, तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेला. हे पर्यटनाच्या खात्यावर जमा धरणं म्हणजे कमालच आहे.

"एवढं दुसऱ्या कुठल्या देशानं केलं?" इतरांनी काय केलं ते पाहा. ब्रिटननं जुलै २०२० मध्ये हॉटेल, खानावळी आणि पर्यटनस्थळांवरचा व्हॅट वीसवरून पाच टक्क्यांवर आणला. सिंगापूरनं प्रत्येक प्रौढ नागरिकाला देशातच फिरायला शंभर सिंगापूर डॉलरची व्हाउचरं वाटली. जपाननं सहलीचा निम्म्यापर्यंत खर्च सरकारी तिजोरीतून उचलला आणि साथ वाढायला लागल्यावर डिसेंबर २०२० अखेर ती योजना थांबवली. तीही निर्दोष नव्हती, लोकांना फिरायला पाठवून रोग पसरवल्याची टीका तिच्यावर झालीच. पण या तिन्ही ठिकाणी पैसा किंवा करसवलत होती, हप्ता नव्हता.

आपल्याकडे कराचं काय झालं? १ ऑक्टोबर २०२० पासून, म्हणजे ऐन साथीत, परदेशी सहलीच्या पॅकेजवर पाच टक्के टीसीएस (विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून घेतला जाणारा आगाऊ आयकर) लागू झाला. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला हजार रुपयांच्या आतल्या खोल्यांची जीएसटी माफी गेली आणि त्यांच्यावर बारा टक्के लागले. हजाराच्या आतली खोली कोण घेतं? तुळजापूरला, पंढरपूरला, त्र्यंबकेश्वरला जाणारी आपलीच माणसं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर पाच टक्क्यांवर आला, तेव्हा साथ ओसरून बराच काळ झाला होता.

रोख पैसे कुणालाच मिळाले नाहीत, असंही नाही. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्य सरकारनं परवानाधारक रिक्षाचालकांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना दीड-दीड हजार रुपये जाहीर केले. रक्कम लहान, पण ते खरंखुरं 'दिले' होतं. त्या यादीत गाईड नव्हते. आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देऊन राज्यानं वीज-पाण्याचे दर उतरवायची वाट काढली, तीही मोठी गोष्ट, फक्त तारकर्लीच्या चार खोल्यांपर्यंत ती पोचत नाही. 'सरकारनं एक छदामही दिला नाही' असा दुसऱ्या बाजूचा मजकूरही फिरतो, तो पाठवणाऱ्यांनी हे वाचावं.

राहिलं "रडतात आणि लुटतात." मे महिन्याच्या शनिवार-रविवारी मालवणात खोली मिळत नाही आणि भाव दुप्पट होतो, हे खरं आहे, मलाही राग येतो. पण तो भाव दोन बुडालेल्या हंगामांचं व्याजही काढत असतो, आणि जून ते सप्टेंबर त्याच खोल्यांना कुलूप असतं. साडूंना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्ही या की, तुम्हाला कोण पैसे मागतंय." त्यांनी पत्रे स्वतःच्या पैशानं बसवले. दोन वर्षं लागली.

मागच्या डिसेंबरात नातवंडांना घेऊन अजिंठ्याला गेलो. फर्दापूरच्या फाट्यावर बस बदलून वर पोचलो, तर पहिल्या लेण्याबाहेर तेच गाईड शाळेच्या मुलांची रांग लावत होते. परदेशी पर्यटकांचा आकडा २०२४ मध्येही कोटीच्या आतच राहिला. येन घसरल्यापासून जपानी माणूस बाहेर कमी पडतो, असं ते म्हणाले. साथीच्या दोन वर्षांत त्यांनी पुण्यातल्या आयटीवाल्यांना ऑनलाइन जपानी शिकवली, त्यावर घर चाललं. मी मोबाइल काढून ग्रुपवरचा मजकूर दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन तो पूर्ण वाचला, इमोजीसकट.

"साहेब, आमच्या जपानीत असं होत नाही," ते म्हणाले. "द्यायचं असेल तर 'आगेरु'. परत घ्यायच्या बोलीवर द्यायचं असेल तर 'कासु'. पहिल्याच महिन्यात पोरं ते शिकतात."

मग ते मुलांकडे वळले. फ्लॅश बंद करा, चपला इथे काढा, आत पद्मपाणी डाव्या हाताला आहे.