राउटर चालतोय ना? मग हात लावू नका

घरात इंटरनेटचं कनेक्शन आलं, की त्यानंतर राउटरकडे ढुंकूनही पाहू नये. केबलवाल्या पोराने ड्रिल मारून तो जिथे टांगला असेल, म्हणजे टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटावर किंवा गणपतीच्या फोटोशेजारी, तिथेच त्याला धूळ खाऊ द्यावी. हिरवे दिवे लुकलुकतायत, सासूबाईंची मालिका अडकत नाही, मुलाचा गेम मध्येच तुटत नाही, म्हणजे यंत्राची तब्येत ठणठणीत. दिवा लाल झाला की मगच विचारपूस करायची. घरातल्या माणसांनाही आपण हाच नियम लावतो, मग त्या डबीचे जास्तीचे लाड कशाला?

नात्यात एखादा आयटीवाला भाचा असतोच. तो सांगेल, "मामा, राउटर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच असतो. आत बहुतेक लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्राम. त्यात सुरक्षेची भोकं निघतात, मग अपडेट टाकावे लागतात." त्याला पोहे द्या आणि लग्नाचं कधी मनावर घेतोयस ते विचारा. विषय तिथेच मिटतो.

मनात शंका राहायला नको म्हणून कनेक्शन जोडणाऱ्या पोराला मात्र एकदा विचारून घ्या, "अरे, तो ॲडमिनचा पासवर्ड बदलायचा असतो ना?" तो स्टुलावरून खालीही न उतरता म्हणेल, "काका, कशाला? अख्ख्या एरियात सेमच ठेवलाय. सर्व्हिसला आलो की सोपं पडतं." केवढी ही दूरदृष्टी! ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता टाकायचा, नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवरही तेच छापलेलं असतं, म्हणजे विसरायचीही भीती नाही.

वायफायचा पासवर्ड तेवढा जरूर बदला. सगळे ठेवतात तसा आपला मोबाईल नंबर ठेवा. आणि वायफायचा बदलला म्हणजे राउटरचाच बदलला, ही समजूत कोणी कितीही समजावलं तरी सोडू नका. पहिल्या पासवर्डने नुसतं नेट वापरता येतं. दुसऱ्याने राउटरच्या पोटात शिरून, तुम्ही बँकेचा पत्ता टाइप केला की कोणतं पान उघडावं, हेही ठरवता येतं. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमाराला ४५ लाख मोडेमचं डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता सांगणारी सोय, असंच परस्पर बदललं गेलं. लोक स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या हाताने बरोबर पत्ता टाकून भामट्यांच्या पानावर पोचत होते. तिथे तर पासवर्ड ओळखत बसायचीही गरज पडली नव्हती, फर्मवेअरमधल्या भोकातूनच तो हाती लागत होता.

तुमच्या 'ॲडमिन-ॲडमिन'ला जगात किती मागणी आहे, याची तुम्हाला कल्पना नसेल. २०१६ साली अमेरिकेतल्या विशीतल्या तीन पोरांनी 'मिराई' नावाचा प्रोग्राम लिहिला. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांमधली चढाओढ हे त्यामागचं एक निमित्त. त्यात फार डोकं लढवलेलं नव्हतं. नाव आणि पासवर्डच्या साठेक तयार जोड्यांची यादी घ्यायची आणि जगभरातल्या राउटरांवर, कॅमेऱ्यांवर एकेक करून टाकून बघायची, जुळली की यंत्र ताब्यात, एवढाच उद्योग. पुढे त्यांनी तो कोड सगळ्यांसाठी खुला करून टाकला. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा गोळा केलेल्या यंत्रांनी डीएनएस पुरवणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट काही तास बऱ्याच जणांना उघडेनात. पुढच्याच महिन्यात मिराईच्या भावंडाने जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या ९ लाख ग्राहकांचं नेट घालवलं. गंमत म्हणजे ते राउटर त्याच्या ताब्यात आलेच नाहीत. कंपनीने दुरून देखभाल करता यावी म्हणून जो दरवाजा ठेवला होता, त्यावरच्या धडकांनी ते नुसतेच कोसळले. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडच्या बीएसएनएलच्या मोडेमनाही मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, गाठलं, तेव्हा डिफॉल्ट पासवर्ड बदला असं ग्राहकांना सांगायची वेळ कंपनीवर आली. म्हणून सांगतो, तुमचा फ्रिज, पंखा, मिक्सर कधी अटलांटिकपार कामाला लागलेत का? राउटरने घराण्याचं नाव काढलं असतं, तुम्हाला फक्त पत्ता नसता.

आता कोणी म्हणेल, फर्मवेअर सुधारणं ही कंपनीची जबाबदारी. जरूर आहे. फक्त कोणत्या कंपनीची, ते आधी शोधा. चिपवाला चिपबरोबर थोडा कोड देतो. कारखानदार त्यावर आपला चढवतो. ब्रँडवाला रंगीत पान आणि खोका करतो. इंटरनेट पुरवणारा वर आपलं स्टिकर मारतो आणि कपाटावर टांगून जातो. भोक सापडलं की सातबाऱ्यावर चार हिस्सेदार असलेल्या वावरासारखी गत होते, पीक सगळ्यांचं आणि बांध कोणाचाच नाही.

याचा सर्वात सुरेख नमुना 'रॉमपेजर'. हा राउटरच्या आत बसणारा इवलासा वेब सर्व्हर, ज्याच्यामुळे ते १९२ वालं पान दिसतं. त्याच्या जुन्या आवृत्तीत एक चूक होती. वाकडीतिकडी बनवलेली कुकी, म्हणजे ब्राउझर वेबसाइटला पाठवतो ती छोटी नोंद, पाठवली की मेमरी बिघडायची आणि पाठवणारा थेट मालक व्हायचा. ती लिहिणाऱ्या कंपनीने ही चूक २००५ साली दुरुस्त केली. काम संपलं, असं कोणालाही वाटेल. २०१४ च्या डिसेंबरात चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी मोजदाद केली तेव्हा जगभरात १ कोटी २० लाख यंत्रं तीच जुनी आवृत्ती पोटात घेऊन इंटरनेटवर बसलेली निघाली. दुरुस्ती झाल्यावर नऊ वर्षांनी! तेव्हा 'आत्ताच नवा घेतलाय' असं अभिमानाने सांगताना लक्षात ठेवा, खोका नवा असतो. २०२० मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने सात कंपन्यांचे १२७ घरगुती राउटर तपासले. त्यातल्या ४६ राउटरांना वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट मिळालेला नव्हता, आणि एक तृतीयांशाहून जास्त राउटरांमधल्या लिनक्सच्या गाभ्याला शेवटची दुरुस्ती २०११ साली लागलेली होती.

काही कारागीर मात्र जबाबदारी टाळत नाहीत. २०१३ मध्ये क्रेग हेफनर या संशोधकाने डी-लिंकच्या एका राउटरचं फर्मवेअर उलगडून वाचलं. ब्राउझरने ओळख म्हणून एक विचित्र अक्षरमाळ सांगितली, की राउटर पासवर्ड विचारायचाच विसरत होता. ती अक्षरमाळ उलटी वाचली तर निघालं, 'एडिट बाय ०४८८२ जोएल बॅकडोअर'. चोरदरवाजा ठेवला आणि चौकटीवर स्वतःचं नावही कोरून ठेवलं. एवढा सचोटीचा माणूस हल्लीच्या बांधकामात दाखवा.

छोटं ऑफिस असेल, म्हणजे सीएचं, दवाखान्याचं किंवा ट्रॅव्हल्सचं, तर तुम्हाला सुखसोयी अधिक. राउटरवरची डब्ल्यूपीएस, म्हणजे वायफायचा पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने यंत्र जोडायची सोय, चालूच ठेवा, प्रिंटर पटकन जोडला जातो. तिचा पिन आठ आकडी, म्हणजे हिशोबाने १० कोटी शक्यता. पण २०११ मध्ये स्टेफान फीबॉक या तरुणाने दाखवून दिलं की राउटर पहिले चार आकडे बरोबर की चूक, हे वेगळं सांगतो. शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरूनच काढता येतो. उरले चार आणि तीन, दहा हजार आणि एक हजार. १० कोटींचं कुलूप ११ हजार प्रयत्नांवर आलं. काही तास लागतात, पण खालच्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्याला कुठे घाई असते?

आणि क्लायंटच्या फायली ठेवायची हार्ड डिस्क राउटरच्याच यूएसबीला लावा, म्हणजे घरूनही उघडता येते. २०१४ च्या फेब्रुवारीत एसूसच्या राउटरांना अशा डिस्क लावलेल्या कित्येकांना त्यात एक अनोळखी टेक्स्ट फाइल सापडली. तुमचा राउटर आणि तुमची कागदपत्रं जगातल्या कोणालाही उघडता येतात, असं त्यात लिहिलं होतं. आत शिरलेल्याने काही नेलं नाही, उलट चिठ्ठी ठेवून गेला. असा पाहुणा प्रत्येकाच्या नशिबी नसतो. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला वीस वर्षं बाहेरच्यांकडून सुरक्षेची तपासणी करून घ्यायला बांधून घेतलं. तुमच्या राउटरची वीस मिनिटं कोण तपासणार, हा प्रश्न मात्र कमिशनच्या कक्षेत येत नाही.

एवढं करूनही कधी अपडेटचा मोह झालाच, तर पडद्यावरची सूचना नीट वाचा: काम चालू असताना वीजपुरवठा बंद करू नये. मे महिन्याची दुपार, बाहेर वळवाचे ढग, आणि पट्टी सत्तर टक्क्यांवर. हा जुगार घरच्या कर्त्या माणसाने खेळू नये. त्याऐवजी आपला पिढीजात उपाय आहेच, बंद करून पुन्हा चालू करणे. हसू नका, २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने हाच सल्ला दिला होता. 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या मालवेअरने ५४ देशांतले निदान ५ लाख राउटर पकडले होते आणि एफबीआय सगळ्यांना सांगत होती, एकदा बंद करून चालू करा. मालवेअरचा पहिला भाग त्यानंतरही आतच ठाण मांडून बसायचा, ही बारीक गोष्ट तुम्ही सोडून द्या. प्लग काढल्याचं समाधान ते समाधान.

राउटर म्हातारा झाला म्हणून बदलायचं तर अजिबात मनात आणू नका. कंपनी एके दिवशी जाहीर करते की अमुक मॉडेलला आता आधार मिळणार नाही, आणि भोक सापडलं तरी बुजवलं जाणार नाही, नवा घ्या. हे जाहीर होतं कंपनीच्या वेबसाइटवरच्या एका पानावर, म्हणजे कोणालाही त्रास होत नाही. अशा निवृत्तांना बाहेर उत्तम रोजगार आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेत दोन सेवा बंद पाडल्या गेल्या, एनीप्रॉक्सी आणि फाइव्हसॉक्स. मालवेअर घालून ताब्यात घेतलेले जुने राउटर त्या भाड्याने देत होत्या, महिना ९.९५ ते ११० डॉलर. त्यात लिंक्सिसची जुनी मॉडेल्स होती. गिऱ्हाइकाला हवा असतो एका साध्यासुध्या घराचा आयपी ॲड्रेस, अर्थात इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे त्याने काहीही केलं तरी माग त्या घराच्या दारात येऊन थांबतो. भाडं अर्थात तुम्हाला मिळत नाही, फक्त पत्ता तुमचा.

त्यामुळे कधीतरी सायबर सेलचे साहेब बेल वाजवतील. घाबरू नका. चहा ठेवा. नेट फक्त मुलांच्या अभ्यासासाठी घेतलंय, असं खऱ्या आवाजात सांगा. राउटर कुठे आहे विचारलं तर चपलांचं कपाट दाखवा, आणि त्याचा पासवर्ड विचारला तर पोटावरचं स्टिकर. घरात त्यांना रेंज मिळत नसेल तर आपणहून वायफाय द्या. पासवर्ड सांगायला लागणार नाही, तुमचा मोबाईल नंबर त्यांच्या कागदावर सगळ्यात वर लिहिलेला असेल.