किरमिजी म्हणजे विटकरी नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

'किरमिजी' म्हणजे निळसर झाक असलेला गर्द लाल, असे सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या भागात विटकरीकडे झुकणाऱ्या लाल रंगाला किरमिजी म्हणतात, शब्दाचा अर्थ बोलणारी माणसे ठरवतात, लाखेच्या रंगाचा मी उल्लेखही केला नाही, आणि लेखासोबतच्या छायाचित्रातले लुगडे किरमिजी नसून डाळिंबी आहे. एवढे लिहून आपण थांबला असता, तर हे उत्तर चार ओळींत संपले असते. परंतु 'कोश उशाला घेऊन झोपणाऱ्यांनी रंगाऱ्यांना रंग शिकवू नयेत' असे एक वाक्य आपण त्यात घातले आहे, आणि त्याचा समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

छायाचित्राबाबतची सूचना मात्र रास्त आहे. भर उन्हात काढल्यामुळे त्यात रंग उजळलेला दिसतो. ते मी बदलतो.

आता त्या वाक्याविषयी. माझे वडील येवल्यात पैठणीचे रेशीम रंगवत. उकळत्या पाण्यातून लडी वर काढली, की तिचे टोक पिळायचे, तेवढेच सुकवायचे आणि दाराशी नेऊन उजेडात नमुन्याच्या धाग्याला लावून पाहायचे, हा त्यांचा रोजचा क्रम होता. ओल्या रेशमाच्या रंगावर ते कधीही विश्वास ठेवत नसत. तिरक्या उजेडात ज्या गर्द लालात निळसर झाक उतरते, त्यालाच ते किरमिजी म्हणत. ती झाक नसेल आणि पिवळेपणा वर येत असेल, तर तो रंग त्यांच्या लेखी विटकरी असे, आणि गिऱ्हाईक कितीही अडून बसले तरी ते त्याला किरमिजी म्हणून लडी देत नसत. कुसुंबी वेगळा, डाळिंबी वेगळा, किरमिजी वेगळा, हे मी अक्षरे गिरवण्याच्या वयात ऐकले आहे. कोश माझ्या हाती फार नंतर आला. तेव्हा मी कोणत्या उशीवर झोपतो याची चौकशी आपण न केलेली बरी, आणि ज्याच्या घराची काहीच माहिती नाही त्याला असे बोलणे सभ्यपणाचे नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो.

वडिलांच्या काळात रंग डब्यातल्या भुकटीचे होते, हा रंग मुळात ज्या किड्यापासून निघे, तो किडा त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. तरी शब्द त्या छटेला चिकटून राहिला होता, आणि माझ्या लेखाचा गाभा नेमका तोच होता. भूमध्य समुद्राच्या काठच्या एका बुटक्या ओकवर वाढणारा किर्मीज नावाचा किडा वाळवून त्यापासून हा रंग काढत. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा, आणि आपला 'कृमी' त्याच कुळातला; इंग्रजीतले क्रिमसन आणि कारमाइन हे शब्दही किर्मीजवरूनच आले. सोळाव्या शतकात मेक्सिकोतील निवडुंगावरचा कोचिनील किडा स्पॅनिश व्यापाऱ्यांनी युरोपात नेला, आणि अधिक रंग देणारा म्हणून त्याने किर्मीजची जागा घेतली. रंग पक्का बसावा म्हणून धाग्याला आधी तुरटी लावून त्यावर हा रंग चढवला, की निळसर झाक येते. तुरटीऐवजी कथलाचा क्षार लावला तर तो शेंदराकडे झुकतो, हेही खरे, पण विटकरी तो तिथेही होत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही किरमिजीचा अर्थ हाच आहे.

अर्थ बोलणारे ठरवतात, हे तत्त्व मलाही मान्य आहे. पण बोलणाऱ्यांत विणकर येतात, रंगारी येतात आणि लुगडे निवडताना दुकानदाराला चार वेळा गाठोडे सोडायला लावणाऱ्या बायकाही येतात. एका भागातल्या सवयीने या सगळ्यांचा शब्द पुसला जात नाही. शिवाय मला दाट शंका आहे, की आपल्याकडे 'हिरमजी' आणि 'किरमिजी' यांची सरमिसळ झाली असावी. हिरमजी ही तांबडी माती, इराणच्या आखातातील होर्मुझचे नाव सांगणारी. लोहामुळे आलेला तिचा तांबूस तपकिरी रंग आपण वर्णन करता तसाच असतो, आणि दोन्ही शब्द कानाला इतके जवळचे आहेत, की एकाचा रंग दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. मातीचा रंग आणि किड्याचा रंग एकाच नावाने चालू लागले, तर आपल्याकडे शब्द एक उरतो आणि एक छटा बिननावाची होते. मला ते नको आहे, म्हणून तर तो लेख लिहिला.

लाखेचे म्हणाल तर पळस, बोर आणि कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणारा तो किडा, त्याचा रस आणि त्यापासून होणारा अलता हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माझा लेख लाखेवर नव्हता, एवढेच उत्तर पुरे.

आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या रंगाऱ्याच्या वहीत 'किरमिजी' असे लिहून शेजारी विटकरी धागा लावलेला असेल, तर तो अवश्य दाखवा. मी लेखात त्याची नोंद घेईन. तोवर मूळ विधान मी बदलणार नाही, आणि आपली प्रतिक्रियाही काढणार नाही. ती लेखाखाली त्या वाक्यासकट राहील.