मोठेबाबांचे थेंब बंद करणारा तो फॉरवर्ड

रविवारी नंदनवनला मोठेबाबांकडे गेलो तर काचबिंदूच्या थेंबांची नवी बाटली फ्रिजच्या दारात तशीच पडून, सीलही तोडलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "आता काहून टाकू? लाइटनं डोळे बरे होऊन राहिले," आणि मोबाइल पुढे केला. फॉरवर्ड असा की फ्रान्समध्ये आंधळ्या माणसाला प्रकाशानं दृष्टी आली, कोणतंही आंधळेपण यानं जातं, थेंब बंद करा, आणि तोवर रोज 5 मिनिटं मोबाइलचा टॉर्च डोळ्यात मारून पेशी चार्ज करा. 16 दिवसांपासून थेंब बंद! डोकंच फिरलं माझं.

फ्रान्सचं अर्धं खरं आहे, मानावं लागतं. मे 2021 च्या नेचर मेडिसिन या संशोधन पत्रिकेत तो पेपर आहे. 58 वर्षांचा माणूस, रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाश पकडणाऱ्या पेशी हळूहळू मरण्याचा आजार), एका डोळ्यात इंजेक्शन देऊन प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या प्रोटीनचा जीन सोडला, आणि सोबत कॅमेरा असलेला खास गॉगल लावायला दिला. पण चेहरे ओळखले, वर्तमानपत्र वाचलं असं काही नाही. टेबलावरची मोठी वही 92 टक्के वेळा हाताला लागली, स्टेपलची छोटी डबी फक्त 36 टक्के, तेही कित्येक महिने सराव करून, आणि गॉगल काढला की यातलं काही जमत नव्हतं.

"कोणतंही आंधळेपण" हे तर सगळ्यात घातक. पडद्यात प्रकाश पकडणाऱ्या पेशी वेगळ्या आणि तो निरोप मेंदूकडे नेणाऱ्या गँग्लियन पेशी वेगळ्या. त्या माणसाच्या पहिल्या गेल्या होत्या, दुसऱ्या शाबूत होत्या, म्हणूनच त्यांच्यात ते प्रोटीन बसवता आलं. काचबिंदूत नेमक्या या दुसऱ्याच मरतात. सेन्सर गेला तर दुसरा लावता येतो हो, केबलच जळली तर तो जोडणार कुठे? थेंब डोळ्याचं प्रेशर कमी ठेवतात म्हणजे ती केबलच वाचवतात, आणि हेच बंद करायला सांगता?

आता टॉर्च. मी हिंगणा एमआयडीसीत एलईडी ड्रायव्हरचं (एलईडीला हवी तेवढीच वीज देणाऱ्या सर्किटचं) काम करतो, त्यामुळे हे वाचून जास्तच संताप आला. त्या गॉगलचा कॅमेरा प्रत्येक पिक्सेलवर उजेड बदलला की तेवढंच टिपतो आणि त्यावरून 595 नॅनोमीटरच्या अंबर प्रकाशाचे पल्स पडद्यावर सोडले जातात. ते प्रोटीन आपल्या मूळ पेशींइतकं संवेदनशील नसतं, प्रकाश तेज लागतो, म्हणूनच तो मोजूनमापून द्यावा लागतो आणि निळ्यापेक्षा कमी धोक्याचा म्हणून अंबर घेतला. मोबाइलचा टॉर्च म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर फॉस्फरचा थर, म्हणजे त्या उजेडात निळा असतोच. आणि मोठेबाबांच्या डोळ्यात ते प्रोटीनच नाही, तर चार्ज काय होणार बाप्पा?

फॉरवर्डमध्ये हेही होतं, हा इलाज "कंपन्या लपवून राहिल्या" म्हणे. छापलेला पेपर आहे, लपवलं कुठे?

सोमवारी त्यांना तपासायला नेलं, प्रेशर वाढलेलं निघालं. रात्री मोठीआईनं स्वतः थेंब टाकले. ज्यानं हे ग्रुपवर टाकलं त्यानं नुसतं डिलीट करू नये, त्याच ग्रुपवर लिहावं की थेंब बंद करू नका, आणखी कोणाच्या फ्रिजमध्ये बाटली तशीच पडली असेल.